चौकोन हलतो तेव्हा

भास्कराचार्यांची ‘लीलावती’ वाचताना पानोपानी जाणवतं, की लिहिणाऱ्याचा शिकणाऱ्यावर जीव आहे. कमळांवरचे भुंगे, तळ्यावरचे हंस, वाऱ्याने मोडलेला बांबू, सापावर झेपावणारा मोर अशी उदाहरणं देत, लाडाने हाका मारत ते गणित शिकवतात. क्षेत्रव्यवहाराच्या, म्हणजे आकृत्यांच्या मोजमापाच्या, भागात मात्र हा सूर एकदम चढतो. चौकोनाच्या चार बाजू तेवढ्या सांगून, एखादा कर्ण किंवा एखादा लंब न सांगता, जो क्षेत्रफळ विचारतो तो पिशाच्च असला पाहिजे, असं आचार्य म्हणतात. आणि अशा प्रश्नाला जो उत्तर देतो, तो त्याहूनही मोठा पिशाच्च.

‘लीलावती’ ११५० सालची. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन अखंड चालावं म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला आणि त्याची नोंद करणारा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथे मिळाला. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. त्या मठात बसून मुलांनी पिशाच्चाचा हा श्लोक नक्की घोकला असेल. तो पाठ झाल्यावर गुरूने त्यांच्या हातात चार काटक्या दिल्या असतील तर त्यांच्याइतकी भाग्यवान मुलं नाहीत, कारण आचार्यांच्या रागाचं कारण हातात धरून लगेच कळतं.

पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या घ्या, किंवा घरात मेकॅनोचा संच असेल तर त्यातल्या पट्ट्या. दोन लांब, दोन आखूड. टोकांना भोकं पाडून नट-बोल्टने सैलसर जोडा. लांब पट्टीसमोर लांब, आखूड पट्टीसमोर आखूड. झाली चौकट. आता तिचा एक कोपरा धरून बाजूला ढकला. ती सहज झुकते, चपटी होत जाते, शेवटी पट्ट्या एकमेकींवर येऊन मिटते. एकही पट्टी कमी झाली नाही, वाढली नाही, आणि आतली जागा मात्र भरलेल्या आयतापासून शून्यापर्यंत आली. मग ‘या चार बाजूंच्या चौकोनाचं क्षेत्रफळ किती’ या प्रश्नाला काय उत्तर देणार? भास्कराचार्यांनी ही हालचाल गद्यात समजावून सांगितली आहे. समोरासमोरचे दोन कोपरे आत दाबले की त्यांना जोडणारा कर्ण आखडतो. उरलेले दोन कोपरे बाहेर सरकतात आणि त्यांचा कर्ण वाढतो. बाजू त्याच, कर्ण निराळे.

तीन पट्ट्यांचा त्रिकोण करून पाहा. तो हलत नाही. शाळेत आपण ‘बाबाबा’ कसोटी शिकलो तिचा खरा अर्थ हा: तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरला. म्हणून छपराच्या कैच्यांत, विजेच्या मनोऱ्यांत, पुलांच्या सांगाड्यांत जिकडे पाहावं तिकडे त्रिकोण दिसतात. लाकडी फाटकाला सुतार एक तिरकी पट्टी ठोकतो तेव्हा तो चौकोनाचे दोन त्रिकोण करत असतो. ती पट्टी म्हणजे कर्णच, आणि कर्णाची लांबी बांधली की हलायची सोय संपते. आचार्य प्रश्न विचारणाऱ्याकडे नेमकी हीच तिरकी पट्टी मागत होते.

पाठ्यपुस्तकात समांतरभुज चौकोनाचे गुणधर्म एका चौकटीत एकाखाली एक छापलेले असतात. संमुख भुजा एकरूप, संमुख कोन एकरूप, लगतच्या कोनांची बेरीज १८० अंश, कर्ण परस्परांना दुभागतात. मुलं ते पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. हे वाक्यांचं पाठांतर व्हावं याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्यामागे फार सुंदर गोष्ट दडली आहे. हातातली चौकट झुकवत राहा आणि स्वतःला विचारा, काय बदलतंय आणि काय टिकतंय? कोन बदलतात, पण समोरासमोरचे दोन कोन एकमेकांइतकेच राहतात. कर्ण बदलतात, पण दोन दोरे कर्णांसारखे ताणून बांधले तर ते जिथे छेदतात तो बिंदू दोघांच्याही मध्यावर राहतो. चौकट कितीही कलंडली तरी समोरच्या पट्ट्या समांतर राहतात. चौकोन हलल्यावरही जे सुटत नाही, त्यालाच आपण त्याचा गुणधर्म म्हणतो.

हे सगळं एकत्र का टिकतं? याची शाळेतली सिद्धता अशी. समांतरभुज चौकोन अबकड मध्ये कर्ण अक काढा. समांतर रेषांमुळे व्युत्क्रम कोनांच्या दोन जोड्या एकरूप मिळतात, अक ही बाजू दोन्ही त्रिकोणांना सामाईक, म्हणून ‘कोबाको’ कसोटीने दोन्ही त्रिकोण एकरूप. त्यावरून संमुख भुजा एकरूप, संमुख कोन एकरूप. युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’च्या पहिल्या पुस्तकातलं ३४ वं विधान हेच सांगतं. सिद्धता निर्दोष आहे. फक्त ती वाचून चित्र डोळ्यांपुढे हलत नाही.

म्हणून ट्रेसिंग पेपर घ्या. एक समांतरभुज चौकोन कागदावर काढा, तोच वरच्या ट्रेसिंग पेपरवर गिरवा, आणि कर्ण छेदतात तिथे टाचणी टोचा. आता वरचा कागद अर्धा फेरा फिरवा, १८० अंश. चौकोन स्वतःवर तंतोतंत बसतो. अ हा क वर गेला, ब हा ड वर गेला. बाजू अब ज्या जागी जाऊन पडली ती जागा कड ची, म्हणून त्या दोन्ही सारख्या. कोन अ जाऊन कोन क वर बसला, म्हणून ते सारखे. कर्णाचा एक अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्यावर गेला, म्हणून कर्ण दुभागले. रेषेला अर्धा फेरा दिला की ती मूळ दिशेला समांतरच राहते, म्हणून संमुख भुजा समांतर. चौकटीत छापलेली सगळी वाक्यं म्हणजे या एकाच अर्ध्या फेऱ्याची वेगवेगळी वर्णनं आहेत.

इथे बहुतेक मुलांची एक ठाम समजूत मोडावी लागते. कर्णाने समांतरभुज चौकोनाचे दोन सारखे भाग होतात, तेव्हा कर्णावर घडी घातली की ते एकमेकांवर बसतील असं त्यांना वाटतं. कागद कापून घडी घालायला सांगा. बसत नाहीत. एक टोक डावीकडे बाहेर येतं, दुसरं उजवीकडे. दोन त्रिकोण एकरूप आहेत हे खरं, पण एकाला दुसऱ्यावर बसवायचं तर आरसा चालत नाही, फिरवावं लागतं. चारही बाजू सारख्या असल्या, म्हणजे समभुज चौकोन असला, तरच कर्णावरची घडी जुळते. आणि घडी जुळते म्हणूनच समभुज चौकोनाचे कर्ण एकमेकांना काटकोनात छेदतात आणि कोनांनाही दुभागतात. आयताची घडी समोरासमोरच्या बाजूंचे मध्यबिंदू जोडणाऱ्या रेषेवर जुळते. त्यामुळे त्याचे कर्ण सारख्या लांबीचे असतात. चौरसात दोन्ही प्रकारच्या घड्या जुळतात. या नजरेने पाहिलं तर चौकोनांची सगळी वंशावळ घड्यांवरून आणि फेऱ्यांवरून लावता येते. चौरस हा आयतही आहे आणि समभुज चौकोनही, यात गोंधळण्यासारखं काही उरत नाही. युक्लिडने स्वतः आपल्या व्याख्यांत चौरस, आयत, समभुज असे कप्पे वेगवेगळे ठेवले होते. आज आपण ते एकात एक बसवतो आणि मला आजची पद्धत अधिक पटते, कारण समांतरभुज चौकोनाबद्दल एकदा जे सिद्ध केलं ते आयत आणि चौरस यांना आपोआप मिळतं.

आता कर्णांकडे पुन्हा वळू. चौकट झुकवताना एक कर्ण वाढतो, दुसरा आखडतो. मनमानी पद्धतीने नव्हे. त्यांच्यात एक पक्का करार आहे. दोन्ही कर्णांच्या वर्गांची बेरीज ही चारही बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतकी असते. दहावीला अपोलोनियसचं प्रमेय शिकवतात त्याचाच हा विस्तार. ४ आणि ७ बाजूंची चौकट घेतली तर चारही बाजूंच्या वर्गांची बेरीज १६ + ४९ + १६ + ४९ म्हणजे १३०. ती झुकवून एक कर्ण ९ केला तर ८१ वजा जाता ४९ उरतात, म्हणून दुसरा कर्ण बरोबर ७. चौकट उभी करून आयत केला तर दोन्ही कर्णांच्या वर्गांना ६५-६५ वाटून मिळतात. बेरीज शेवटपर्यंत १३०.

समभुज चौकोनाबाबत हा नियम ‘लीलावती’त उघड वापरलेला आहे. आचार्य उदाहरण देतात: चारही बाजू पाचाच्या वर्गाइतक्या, म्हणजे २५. कर्ण सांगा आणि क्षेत्रफळ सांगा. मग स्वतःच दाखवतात की एक कर्ण आपण निवडायचा. तो ३० धरला तर दुसरा ४० येतो आणि क्षेत्रफळ ६००. तो १४ धरला तर दुसरा ४८ येतो आणि क्षेत्रफळ ३३६. चौरस केला तर ६२५. त्याच चार बाजूंची ही तीन उत्तरं शेजारी ठेवली की पिशाच्चाचा श्लोक कशासाठी होता ते वेगळं सांगावं लागत नाही.

हेच आकडे घेऊन मोटारीच्या जॅककडे जाऊ. पंक्चर झालेलं चाक बदलताना गाडीखाली सरकवतात तो कात्रीसारखा जॅक म्हणजे चार सारख्या पट्ट्यांचा समभुज चौकोन. त्याचा आडवा कर्ण म्हणजे आट्यांचा लांब स्क्रू, आणि उभ्या कर्णाच्या वरच्या टोकावर गाडी टेकते. स्क्रू फिरवला की आडवा कर्ण आखडतो, उभा वाढतो. दोन्ही कर्ण काटकोनात राहणं समभुज चौकोनाला भागच आहे, म्हणून गाडी तिरकी न सरकता सरळ वर उचलली जाते. प्रत्येक पट्टी २५ सेंटिमीटरची समजू. स्क्रूची लांबी ४८ असताना जॅकची उंची १४. स्क्रू ४० वर आणला तर उंची ३०. म्हणजे ८ सेंटिमीटर आखडून १६ सेंटिमीटर उचल मिळाली. स्क्रू ४० वरून ३० वर आणला तर उंची ४०. आता १० ला १०. तिथून १४ पर्यंत आणला तर उंची ४८; १६ सेंटिमीटर आखडूनही मिळतात फक्त ८. जॅक चपटा असताना दांडा फिरवायला जीव काढावा लागतो आणि वर गेल्यावर तो हलका पडतो, याचं कारण हेच. सुरुवातीला प्रत्येक फेऱ्यात जास्त उचल असते, म्हणून जोरही जास्त लागतो.

वाण्याच्या दुकानात पूर्वी हमखास दिसणारा काटा आठवा, ज्याची पारडी साखळ्यांना टांगलेली नसून वरच्या अंगाला बसवलेली असत. बऱ्याच बाजारांत तो अजून आहे. त्याच्या पोटात एक समांतरभुज चौकोन लपलेला असतो. एकाखाली एक अशा दोन सारख्या आडव्या दांड्या, दोन्ही मधोमध एका उभ्या खांबावर टेकलेल्या, आणि टोकांना त्यांना जोडणाऱ्या दोन उभ्या पट्ट्या; त्या पट्ट्यांच्या माथ्यावर पारडी. फ्रेंच गणिती रोबेर्वाल याने १६६९ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ही रचना मांडली. ती पाहून लोक चक्रावत, कारण वजन पारड्याच्या मधोमध ठेवा की अगदी कडेला, काटा तेच दाखवतो. साध्या तरफेचं गणित शिकलेल्या माणसाला हे पटत नाही. टेकूपासून दूर गेलं की वजनाचा जोर वाढायला हवा ना?

उत्तर संमुख भुजांत आहे. मधला खांब पक्का आहे. टोकाची उभी पट्टी ही त्या खांबाच्या समोरची भुजा, म्हणून दांडी कितीही कलली तरी पट्टी खांबाला समांतर, म्हणजे उभीच राहणार. पट्टी कलत नाही म्हणून पारडंही कलत नाही; ते आडवं राहूनच खालीवर होतं. अशा पारड्याचा प्रत्येक बिंदू सारखाच उतरतो, मग साखर त्याच्या कुठल्याही भागावर ओता, तिने केलेलं काम तेवढंच. गिऱ्हाइकाच्या पिशवीतली अख्खी किलोभर साखर समांतर रेषांच्या एका प्रमेयावर विसंबून होती. मला हे यंत्र विलक्षण देखणं वाटतं, आणि भूमितीच्या तासाला ते वर्गात एकदा तरी उघडून ठेवावं असं फार वाटतं.

बांधकामावर हेच ज्ञान उलट दिशेने वापरतात. पायाची आखणी करताना गवंडी फक्कीच्या रेघा मारण्याआधी लाइनदोरी ताणतो. लहान कोपऱ्याला गुण्या लावून काटकोन तपासता येतो. चाळीस फुटी दोरीला हातभर गुण्या पुरत नाही. तेव्हा तो कोन मोजतच नाही. समोरासमोरच्या दोऱ्या सारख्या आहेत ना पाहतो, मग दोन्ही तिरकी मापं घेतो. ती जुळली की कोपरे गुण्यात. यात दोन प्रमेयं एकामागून एक वापरली जातात. संमुख भुजा सारख्या, म्हणून आकार समांतरभुज. त्यात कर्ण सारखे, तर कर्णांनी बनलेले दोन शेजारचे त्रिकोण ‘बाबाबा’ने एकरूप, म्हणून लगतचे दोन कोन सारखे; त्यांची बेरीज १८०, म्हणून प्रत्येकी ९०. यातली पहिली पायरी गाळली तर फसगत होते. नुसते कर्ण सारखे असणं पुरत नाही. दोन तिरक्या बाजू सारख्या असलेल्या समलंब चौकोनाचेही कर्ण सारखेच असतात, आणि त्या नकाशाने घर बांधलं तर एक भिंत दुसरीपेक्षा लांब निघेल.

दोन्ही कर्ण मोजण्यात आणखी एक शहाणपण आहे. ३० बाय ४० फुटांचा पाया असेल तर काटकोनात कर्ण ५० फूट. आखणी थोडी झुकून एक कर्ण ५१ झाला, तर वर्गांच्या बेरजेच्या त्या करारामुळे दुसरा जवळपास ४९ वर येतो. कोपरा सुमारे २.४ अंशांनी चुकलेला, डोळ्याला कदाचित दिसणारही नाही असा. पण टेपवर मात्र दोन फुटांचा फरक. एकाची वाढ आणि दुसऱ्याची घट मिळून चूक दुप्पट मोठी होऊन समोर येते. वर्गमूळ काढावं लागत नाही, ५० हा आकडा माहीत असावा लागत नाही.

आता जमिनीकडे. चार बाजूंच्या शेताचं क्षेत्रफळ काढायची एक फार जुनी युक्ती आहे: समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. इजिप्तमधल्या एडफूच्या मंदिराच्या भिंतींवर दान दिलेल्या शेतांची यादी कोरलेली आहे. तिथली क्षेत्रफळं याच रीतीने काढलेली आहेत. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त ही रीत दिली, पण स्थूल म्हणून. ही रीत चुकते तेव्हा नेहमी एकाच बाजूला चुकते. आलेलं उत्तर खऱ्या क्षेत्रफळापेक्षा कधीच कमी नसतं; चारही कोन काटकोन असतील तरच बरोबर, एरवी जास्त. म्हणजे विकणाऱ्याचा आणि सारा गोळा करणाऱ्याचा फायदा, घेणाऱ्याचं आणि कसणाऱ्याचं नुकसान. ३३ फूट बाजूचा चौरस म्हणजे आपला एक गुंठा, १०८९ चौरस फूट. चारही बाजू ३३ फूटच ठेवून चौकोन असा कलंडला की एक कोन ३० अंशांचा झाला, तर आत जमीन उरते ५४४.५ चौरस फूट. बरोबर अर्धा गुंठा. सरासरीची युक्ती मात्र अजूनही पूर्ण गुंठाच सांगत राहते.

म्हणून नीट मोजणी करणारे कधी बाजूंवर थांबले नाहीत. मुंबई इलाख्यात १८३०च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्या पद्धतीची जमीनमोजणी सुरू केली. तेव्हा रुळलेली शंकू (काटकोन लावायचं साधन) आणि साखळी यांची मोजणी ३३ फुटी साखळीवर चाले; साखळीचे सोळा आणे. शेताच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत साखळी टाकायची, मग उरलेल्या कोपऱ्यांपासून त्या रेषेवर काटकोनात लंब किती ते मोजायचं. कर्ण गुणिले दोन्ही लंबांची बेरीज, भागिले दोन, झालं क्षेत्रफळ. भूमी अभिलेख कार्यालयातली जुनी टिपणं उघडून पाहिली तर ही तिरकी रेषा आणि तिच्यावर उतरलेले लंब आजही दिसतात. कर्ण आणि लंब. ‘लीलावती’च्या श्लोकात आचार्यांनी जे दोन शब्द मागितले होते तेच दोन.

ब्रह्मगुप्ताने स्थूल रीतीपाठोपाठ सूक्ष्म रीतही दिली. चारही बाजूंच्या बेरजेचं अर्ध घ्यायचं, त्यातून एकेक बाजू वजा करायची, चार वजाबाक्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढायचं. या सूत्रात कर्ण कुठेच नाही! मग भास्कराचार्यांचं म्हणणं खोटं पडलं का? नाही. हे सूत्र ज्याचे चारही कोपरे एका वर्तुळावर आहेत अशा चक्रीय चौकोनालाच तंतोतंत लागू पडतं, आणि ‘चक्रीय’ ही अट म्हणजेच लपलेली तिरकी पट्टी. चार बाजू दिल्यावर चौकट हलवत नेली तर ती ज्या क्षणी वर्तुळात नीट बसते, त्या क्षणी तिचं क्षेत्रफळ सर्वांत मोठं असतं. ब्रह्मगुप्ताचं सूत्र ते कमाल मूल्य देतं. भास्कराचार्यांनी हे सूत्र त्रिकोणासाठी अचूक आणि चौकोनासाठी ढोबळ असं नोंदवलं. कुठलाही चौकोन समोर धरला तर ते खरंच आहे. पण सूत्राची खरी जागा वर्तुळात आहे हे त्यांनी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटल्यावाचून राहत नाही.

झुकण्याचा एक दुसरा प्रकारही आहे आणि तो पहिल्यापासून वेगळा ओळखणं फार गरजेचं आहे. पत्त्यांचा कॅट टेबलावर उभा रचा आणि हाताने एका बाजूला तिरका सरकवा. समोरून दिसणारा आयत आता समांतरभुज चौकोन झाला. पत्ते तेवढेच, उंची तेवढीच, म्हणून क्षेत्रफळही तेवढंच. लांबली ती फक्त तिरकी बाजू. एकाच पायावर आणि त्याच दोन समांतर रेषांमध्ये असलेले समांतरभुज चौकोन सारख्या क्षेत्रफळाचे, हे युक्लिडचं ३५ वं विधान पत्त्यांत असं दिसतं. चौकटीत बाजू टिकल्या आणि उंची घटली. कॅटमध्ये उंची टिकली आणि बाजू वाढली. पाया गुणिले उंची हे सूत्र का, पाया गुणिले तिरकी बाजू का नाही, या प्रश्नावर शाळेत जितके गुण जातात ते सगळे या दोन झुकण्यांची गल्लत झाल्यामुळे जातात.

कापून सरकवण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी. यज्ञवेदींच्या आखणीचे नियम सांगणाऱ्या शुल्बसूत्रांतली सोमयागाची महावेदी समलंब चौकोनाच्या आकाराची असते: पूर्वेची बाजू २४ पदं, पश्चिमेची ३०, मधली लांबी ३६. शुल्बसूत्रकार आपस्तंब तिचं क्षेत्रफळ ९७२ सांगतो आणि कारणही देतो. एका बाजूचा त्रिकोणी तुकडा काढून उलटा करून दुसऱ्या बाजूला लावा, आयत होतो. २७ गुणिले ३६. समलंब चौकोनाबद्दल मला एवढंच सांगायचं आहे, बाकी त्याचं सूत्र याच तुकड्यातून निघतं.

शेवटी अशा चौकोनाबद्दल, ज्याला कुठलाच गुणधर्म नाही. कागदावर डोळे मिटून चार बिंदू टाका आणि जोडा, वेडावाकडा कसाही. चारही बाजूंचे मध्यबिंदू घेऊन ते क्रमाने जोडा. आत समांतरभुज चौकोन तयार होतो. दर वेळी. फ्रेंच गणिती पिएर व्हॅरिन्यों याच्या मृत्यूनंतर १७३१ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात हे प्रमेय आलं. इतकी साधी गोष्ट युक्लिडपासून दोन हजार वर्षं कुणी आवर्जून नोंदवलेली दिसत नाही, याचं मला अजून नवल वाटतं. सिद्धता मात्र नववीतलीच. एक कर्ण काढला की त्याच्या दोन्ही अंगांना त्रिकोण झाले. त्रिकोणाच्या दोन बाजूंचे मध्यबिंदू जोडणारी रेषा तिसऱ्या बाजूला समांतर आणि तिच्या निम्मी असते. म्हणून आतल्या चौकोनाच्या समोरासमोरच्या दोन बाजू त्या कर्णाला समांतर आणि त्याच्या निम्म्या, म्हणजे एकमेकींना समांतर आणि सारख्या. झालं. मूळ चौकोन बहिर्वक्र असेल तर आतल्या चौकोनाचं क्षेत्रफळ त्याच्या बरोबर निम्मं भरतं. एवढंच काय, चौकोन सपाट असण्याचीही गरज नाही. चार खिळे निरनिराळ्या उंचीवर ठोकून त्यांना दोरी गुंडाळा आणि तिच्या चार मध्यांना दुसरी दोरी ताणून बांधा. ती दुसरी दोरी सपाट समांतरभुज चौकोनच करेल.

या वेड्यावाकड्या चौकोनाने जमीनही झाकता येते. पुठ्ठ्यातून एकाच आकाराचे वीस-पंचवीस चौकोन कापा, आकार कितीही ओबडधोबड असू द्या. एक तुकडा ठेवा. त्याच्या एका बाजूच्या मध्यबिंदूभोवती तो अर्धा फेरा फिरवला तर जिथे जाईल तिथे दुसरा ठेवा. मग त्याच्या दुसऱ्या बाजूशी तेच करा, आणि करत राहा. तुकडे एकमेकांत न घुसता, कुठेही फट न सोडता पसरत जातात, कारण प्रत्येक कोपऱ्याशी त्या चौकोनाचे चारही निराळे कोन येऊन मिळतात आणि कुठल्याही चौकोनाच्या चार कोनांची बेरीज ३६० अंश असते. दोन लगतचे तुकडे मिळून जो षट्कोन होतो त्याच्या समोरासमोरच्या बाजू तपासून पाहा: त्या जोडीजोडीने समांतर आणि सारख्या निघतील.